तीन रंगांतले कृष्णेचे खोरे

सह्याद्रीच्या डोंगरांचे जलरंगात चित्र करायला तीन रंग पुरतात. एक अल्ट्रामरीन निळा, दुसरा यलो ऑकर म्हणजे पिवळी माती आणि तिसरा बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली तांबूस माती. पांढरा ट्यूबमधून घ्यायचा नसतो. तो कागदाचाच असतो आणि चित्र संपेपर्यंत सांभाळावा लागतो. पेटीत बारा किंवा चोवीस ट्यूब असताना तीनच वापरणे अनेकांना विद्यार्थ्यांचा सराव किंवा प्रवासातली सोय वाटते. सोय ती आहेच. पण पाचगणीच्या कड्यावर बसून तीन दिवस कृष्णेचे खोरे रंगवल्यावर माझे मत असे झाले, की निदान या डोंगरांपुरता तरी हा हिशेब निसर्गानेच घालून दिला आहे. डोळ्यांना दिसणारा सह्याद्री बराचसा लोखंडाच्या गंजाचा आणि हवेचा असतो. तीन रंगांपैकी दोन गंजाचे आहेत आणि तिसरा हवेचा.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट ओलांडला, की सुरूर फाट्यावर वाईचा रस्ता फुटतो. वाई कृष्णेच्या काठी वसलेली आहे. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्ते घराण्याने १७६२ मध्ये बांधले, आणि त्याच्यासमोरून दगडी पायऱ्या पात्रात उतरतात. या पायऱ्यांना घाट म्हणतात, आणि गावाबाहेर सुरू होणाऱ्या पसरणीच्या चढालाही घाटच म्हणतात. वाई ते पाचगणी हे अंतर साधारण बारा किलोमीटर आहे. तेवढ्यात रस्ता पाचशे मीटरहून जास्त वर चढतो आणि पाचगणीच्या सुमारे १,२९० मीटर उंचीवर पोहोचतो. चढताना खाली धोम धरणाचे पाणी आणि वाईची शेते दिसत राहतात. चित्रकाराने या रस्त्याने शक्यतो सकाळी आणि सावकाश यावे. प्रत्येक वळणाला समोरच्या डोंगरांची आणखी एक रांग मागून वर येते, आणि पुढे कागदावर रांगा किती घ्यायच्या याचा विचार इथेच सुरू होतो.

शाळेतल्या निसर्गचित्रात डोंगर त्रिकोणी असतात, दोन त्रिकोणांच्या फटीतून सूर्य उगवतो आणि तेथूनच नदी निघते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांचा हात या त्रिकोणावर पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात सह्याद्रीचे डोंगर क्वचितच त्रिकोणी दिसतात. त्यांचा माथा सपाट, त्याखाली उभा कडा, कड्याखाली उतार, मग पुन्हा कडा आणि पुन्हा उतार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्याचा हा परिणाम आहे. टणक, अखंड बेसॉल्टचा थर झिजताना उभा तुटतो आणि कडा होतो. सच्छिद्र, मऊ थर ढासळतो आणि उतार होतो. भूगर्भशास्त्रात या खडकांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ट्रॅप हा शब्द जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. वाईच्या नदीकाठच्या पायऱ्या आणि समोरच्या डोंगराच्या पायऱ्या एकाच आकाराच्या आहेत असे इथे वारंवार वाटते, आणि ते नुसते भासणे नव्हे.

या पायऱ्यांमध्ये रंगाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. दोन लाव्हाथरांच्या दरम्यान जो काळ गेला, त्यात खालच्या थराचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजला, त्याची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्हाखाली ती दबून भाजली गेली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे काही ठिकाणी विटेसारख्या लाल रंगाचा असा पट्टा दिसतो. माथ्यावर आणखी वेगळा खडक आहे. पाचगणीच्या पठाराला, ज्याला सगळे टेबललँड म्हणतात, जांभ्या दगडाचे झाकण आहे. जांभा म्हणजे मूळ खडकातली इतर द्रव्ये पावसाने धुऊन गेल्यावर मागे उरलेली लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे. या खडकाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये दिले, तेही विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून.

यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना हे दोन्ही रंग याच घराण्यातले. पिवळ्या मातीत लोहाचे पाणीयुक्त ऑक्साइड असते. ती तापवली, की पाणी उडून जाते आणि रंग लालसर होतो. इटलीतल्या सिएना गावाच्या नावाने ओळखली जाणारी पिवळसर माती भाजली, की तिची बर्न्ट सिएना होते. म्हणजे एका रंगाला आच दिली, की दुसरा मिळतो. हे रंग याच डोंगरांतले आहेत, याचा पुरावा पाचगणीहून दिसणाऱ्या खोऱ्यातच आहे. धोमच्या जलाशयामागे कमळगड नावाचा किल्ला आहे. त्याच्या माथ्यावर पन्नासएक पायऱ्यांनी खाली उतरणारी खोल विहीर असून तिच्यात पाणी नाही. भिंती आणि तळ ओलसर लाल गेरूचे आहेत. तिला गेरूची किंवा कावेची विहीर म्हणतात. जो डोंगर रंगवायचा त्याच्याच पोटात रंग आहे, ही गोष्ट कळल्यावर पॅलेटमधल्या तांबूस ठिपक्याकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

निळ्याचा इतिहास वेगळा आहे. मूळ अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या लाजवर्द दगडाची पूड करून मिळे आणि तो फार महाग असे. फ्रान्समध्ये गिमे याने १८२० च्या दशकात तो कृत्रिम रीतीने बनवला आणि तेव्हापासून सामान्य चित्रकाराला परवडू लागला. कपड्यांना देण्यासाठी मिळणारी निळीची पूडही बहुधा याच रंगाची असते. अजिंठ्याची लेणी याच बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत, आणि तेथल्या चित्रकारांकडेही पिवळी माती, गेरू, हिरवी माती, काजळी आणि चुना एवढेच स्थानिक साहित्य होते. उत्तरकालीन लेण्यांत त्यात भर पडली ती दूरवरून आणलेल्या लाजवर्दी निळ्याची. मातीचे रंग जमिनीवर सापडले. निळ्यासाठी मात्र बाहेर जावे लागले. मर्यादित रंगांत काम करणे हा कमीपणा नव्हे, हे समजून घ्यायला अजिंठ्याइतके भक्कम उदाहरण दुसरे नाही.

तीन रंगांतून काय मिळते ते आधी एका वेगळ्या कागदावर करून पाहावे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांना मारतात, आणि तेच त्यांचे मोठे काम आहे. तांबूस जास्त घेतला तर उन्हातल्या बेसॉल्टचा उबदार तपकिरी मिळतो, निळा वाढवत नेला तर आधी उदासीन करडा आणि मग पावसाळी ढगाचा निळसर करडा. दोन्ही दाट घेतले, की जवळजवळ काळा होतो, त्यामुळे काळ्या ट्यूबची गरज राहत नाही. पिवळी माती आणि अल्ट्रामरीन यांचा हिरवा मंद, शेवाळी असतो. बाजारातल्या तयार हिरव्याची झळाळी त्याला नाही. मात्र हिवाळ्यातल्या सह्याद्रीतही तशी झळाळी नसते, म्हणून तो इथे अचूक बसतो. पिवळी आणि तांबूस माती मिळून वाळक्या गवताचा सोनेरी तयार होतो. या तिन्ही रंगांचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर बारीक रवाळपणा दिसतो. कड्याचा पोत काढायला वेगळे कष्ट पडत नाहीत. शिवाय तिन्ही उन्हात टिकणारे आहेत. ॲलिझरिन क्रिमसनसारखे गुलाबी रंग भिंतीवर काही वर्षांत फिकट होतात. मातीचे रंग तसे होत नाहीत.

साहित्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ३०० जीएसएमचा खरबरीत कागद, पाव आकाराचा म्हणजे ११ बाय १५ इंच. एक मोठा गोल ब्रश, एक इंचाचा चपटा, एक बारीक लांब केसांचा. पाण्याच्या दोन बाटल्या, बोर्ड, क्लिपा आणि जुने सुती फडके. यापैकी कागदावर काटकसर करू नये. पातळ कागद पाणी पडताच फुगतो आणि त्याच्या खळग्यांत रंग साचतो. पाचगणीच्या कड्यांवर वारा जोराचा असतो, म्हणून बोर्डाला चारही बाजूंनी क्लिपा हव्यात. माझा पहिल्या दिवसाचा एक कागद दोनच क्लिपांमुळे उलटला आणि ओल्या आकाशावर धूळ बसली.

जागा आणि वेळ यांचा विचार मात्र नीट करावा लागतो. पसरणी घाटाच्या माथ्याजवळच्या सिडनी पॉइंटवरून वाईकडचे खोरे आणि पांडवगडाची बाजू दिसते. महाबळेश्वरच्या रस्त्यावरच्या पारसी पॉइंटवरून धोमचे पाणी आणि कमळगडाची बाजू. दोन्हीकडे पाहणाऱ्याचे तोंड ढोबळमानाने उत्तरेला असते. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणजे तो चित्रकाराच्या पाठीमागे राहतो. सकाळी उजव्या खांद्यावरून येणारा प्रकाश समोरच्या डोंगरांच्या घळी उघड करतो, प्रत्येक सोंडेची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत जाते. दुपारी प्रकाश सरळ पाठीमागून पडतो, सावल्या आकारांच्या मागे लपतात आणि सारे खोरे सपाट होते. चारनंतर उजेड डाव्या खांद्यावरून येतो आणि घळी पुन्हा उघडतात. सूर्य पाठीशी असल्याने ऊन थेट कागदावर पडते हा एक त्रास आहे. पांढऱ्या कागदाच्या चकाकीत रंगाचा गडदपणा नीट कळत नाही आणि चित्र घरी नेल्यावर वेगळेच निघते. छत्री किंवा झाडाची सावली हवीच. पाचगणीत सिल्व्हर ओकची झाडे भरपूर आहेत, त्यांचा आडोसा चालतो.

रेखाटन थोडक्यात करावे. क्षितिजरेषा कागदाच्या वरच्या तृतीयांशात घेतली, की खोऱ्याला खोली मिळते. माथ्यांच्या आडव्या रेषा आणि कड्यांचे उभे तुटलेपण एवढेच पेन्सिलीने ठरवायचे. पठाराची कड पट्टीने काढल्यासारखी नसते. ती किंचित झुकते, मध्येच एखादी खाच येते, आणि त्या खाचेवरून डोंगर ओळखू येतो.

आकाशासाठी वरचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करून क्षितिजाजवळ यलो ऑकरचा अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, द्यायचा. तो ओलसर असतानाच वरून अल्ट्रामरीन खाली आणायचा आणि दोन्ही भेटण्याआधी थांबायचे. बोर्ड थोडा तिरपा ठेवला, की उरलेले काम पाणी करते. हिवाळ्यातल्या सकाळी आकाश डोक्यावर निळे आणि डोंगरांजवळ जवळजवळ दुधी असते, त्यामुळे क्षितिजाशी निळा नेण्याचा मोह टाळावा.

यानंतर दूरच्या रांगा येतात, आणि डोंगराळ चित्राचे खरे मर्म त्यांच्यात आहे. डोळा आणि डोंगर यांच्यामध्ये जेवढी हवा जास्त, तेवढा तिच्यात विखुरलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत जास्त येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून लांबचा गडद डोंगर निळा दिसतो. मात्र खोऱ्यात फक्त रेणू नसतात. धुके, धूर आणि धूळ यांचे मोठे कण सर्व रंगांचा प्रकाश सारखाच पसरवतात, आणि त्यातून येणारी छटा पांढुरकी असते. हे कण जड हवेबरोबर खाली साचतात. सकाळी धोमच्या पाण्यावर आणि वाईच्या शेतांवर धुक्याची पांढरी चादर असते, तिच्यातून डोंगराचा पाया पुसट होतो आणि माथा स्पष्ट राहतो. म्हणून प्रत्येक रांग वरच्या कडेला गडद आणि खाली उतरताना फिकी होत जाते. नवशिका याच्या उलट करतो, कारण पायथा जवळ असतो म्हणून तो गडद असेल असे त्याला वाटते. डोळे किलकिले करून पाहिले तर ही चूक होत नाही.

कृती अशी. सर्वांत दूरची रांग जवळजवळ निव्वळ अल्ट्रामरीनमध्ये, भरपूर पाण्याने आणि बर्न्ट सिएनाचा जेमतेम स्पर्श देऊन रंगवायची. माथ्याची कड ब्रशच्या एका सलग ओढीने काढायची, आणि लगेच स्वच्छ ओल्या ब्रशने खालची कड पाण्यात सोडून द्यायची, म्हणजे रंग कोठे संपला ते कळू नये. ती पूर्ण वाळेपर्यंत हात आवरायचा. जानेवारीच्या कोरड्या हवेत पातळ वॉशला काही मिनिटे पुरतात. कागदाला हाताची मागची बाजू लावून तो गार लागला तर आत ओल आहे असे समजावे. मग पुढची रांग, किंचित जास्त गडद आणि किंचित जास्त तांबूस. पुढे येता येता निळा कमी आणि माती जास्त होत जाते. चार रांगा पुष्कळ झाल्या. मी पाचवी घालून पाहिली, तेव्हा मधल्या दोघींमधला फरक डोळ्यांना कळेनासा झाला आणि खोली वाढण्याऐवजी कमी झाली.

मधल्या भागात, म्हणजे पांडवगड किंवा कमळगडाच्या टप्प्यावर, कडे आणि उतार वेगळे दिसू लागतात. उतारांवर आधी ऑकर आणि सिएना यांचा उबदार वॉश सलग द्यावा आणि तो वाळल्यावर कड्यांच्या सावल्या निळ्या-तांबूस करड्याने आडव्या पट्ट्यांत ठेवाव्यात. पट्टे मध्येमध्ये तुटू द्यावेत, कारण ऊन पडलेल्या सोंडा त्या फटींतूनच पुढे येतात. एकदा ठेवलेल्या सावलीवर पुन्हा ब्रश नेऊ नये. खालचा ऑकर उठतो आणि दोन्ही मिळून मळकट होतात.

धोमचे पाणी हे या दृश्यातले सर्वांत उजळ ठिकाण. त्याचा आकार सुरुवातीपासून कोरा ठेवावा लागतो आणि शेवटी त्यावर आकाशाच्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन एका कडेला कागद तसाच सोडावा लागतो. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो वाचवावा लागतो. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. निसर्गचित्र नसले तरी प्रकाश वाचवणे म्हणजे काय हे शिकण्यासाठी ते पाहावे. निसर्गचित्रणासाठी कोल्हापूरचे आबालाल रहिमान अभ्यासावेत. मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते गावी परतले आणि कोटितीर्थाचा परिसर वेगवेगळ्या वेळांच्या प्रकाशात पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एकच जागा पुन्हा रंगवण्याचा त्यांचा हा शिरस्ता मला रंगांच्या मोठ्या पेटीपेक्षा मोलाचा वाटतो.

सर्वांत पुढे पठाराची कड, वाळके गवत आणि जांभ्याचे दगड येतात. इथे ब्रश जवळजवळ कोरडा करून कागदावरून आडवा ओढला, की रंग फक्त उंचवट्यांवर लागतो आणि गवताचा खरखरीतपणा आपोआप येतो. दगडांसाठी बर्न्ट सिएना जवळजवळ निखळ वापरावा. साऱ्या चित्रात तो इथेच पूर्ण ताकदीने येतो, आणि मागच्या निळ्या रांगा त्यामुळेच आणखी मागे जातात. सिल्व्हर ओक घ्यायचा तर एक किंवा दोनच. आडव्या रेषांच्या या दृश्यात एक उभी रेषा पुरेशी होते, आणि त्याच्या करड्या-हिरव्या पानांसाठी ऑकर, अल्ट्रामरीन आणि सिएनाचा एक थेंब एवढेच मिश्रण लागते.

तीन रंग कोठे अपुरे पडतात तेही सांगितले पाहिजे. जुलैत याच खोऱ्याचा हिरवा कोवळा आणि तेजस्वी असतो. ऑकरमधून तो निघत नाही, त्यासाठी लेमन यलो घ्यावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणाऱ्या पळस-पांगाऱ्याचा शेंदरी मातीच्या लालातून मिळत नाही. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा जांभळाही नाही, कारण सिएना आणि अल्ट्रामरीन यांचा मिलाफ जांभळ्याऐवजी करड्याकडे जातो. पावसाळ्यात आणखी एक अडचण असते, ती रंगांची नसून हवेची. महाबळेश्वर-पाचगणीच्या दमट हवेत वॉश अर्धा-अर्धा तास वाळत नाही, घाईने दिलेला दुसरा हात पहिल्यात घुसतो आणि पाण्याच्या वेड्यावाकड्या कडा उमटतात. तेव्हा एकाच ओल्या टप्प्यात ढग आणि डोंगर एकत्र सोडून देणारी वेगळी पद्धत लागते.

हिवाळ्यात मात्र पावसाळी हिरवळ ओसरलेली असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वाईच्या बाजूला त्याच्या तुलनेत फारच थोडा. त्यामुळे पसरणीच्या उतारांवरचे गवत लवकर पिवळे पडते, खडक उघडा होतो आणि हवा सकाळी निळी असते. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने तीन रंगांचे आहेत. या दिवसांत पाचगणीला जाणाऱ्या चित्रकाराने बाकीच्या ट्यूब घरी ठेवाव्यात आणि सकाळी साडेआठच्या आत कड्यावर बसावे. अकरानंतर घळींतल्या सावल्या मिटू लागतात.